स्टेडियम कुणाचं, पैसा कुणाचा?

दोस्तांनो, कधी लकडगंजात सकाळी सकाळी चक्कर मारलीय? नसेल, तर एकदा माराच. नागपूरच्या पूर्वेकडची ही वस्ती. नावातच सगळं आलं. लाकडाच्या वखारी, आरा गिरण्या, फुटपाथपर्यंत आलेल्या फळ्या आणि बल्ल्या. आरा सुरू झाला की कानात बोटं घालावीशी वाटतात. पण तो ताज्या कापलेल्या सागवानाचा वास! तो एकदा नाकात बसला की जन्मभर विसरत नाही. या गडबडीतून, हातगाड्या आणि ट्रक चुकवत, काही पोरं निघालेली दिसतील. एकाच्या काखेत फुटबॉल, दुसऱ्याच्या खांद्यावर बॅट. कुठं निघालेत? जिथं जागा मिळेल तिथं. आज या मैदानात कुणाचा मांडव पडलेला, उद्या त्या मैदानात कसलं तरी प्रदर्शन. मग उरते गल्ली. आणि गल्लीत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. काच फुटते, काकू ओरडतात आणि बॉल जप्त!

आता एक कल्पना करा. समजा उद्या कुणी मोठा माणूस आला आणि म्हणाला, ''आपण नागपुरात एक झकास फुटबॉल स्टेडियम बांधू. तीस हजार लोक बसतील. हिरवंगार गवत, रात्रीचा दिवस करणारे दिवे. नागपूरचा स्वतःचा व्यावसायिक संघ असेल, टीव्हीवर दिसेल!''

तुम्ही टाळ्या वाजवाल. खरं सांगतो, मीही वाजवीन. पण रात्री जेवताना ही बातमी घरी सांगितलीत की आजोबा चष्म्यावरून बघत विचारतील, ''ते सारं ठीक आहे बाबू, पन पैसा कोन देईन?''

आजोबांचा हा प्रश्न म्हणजे जगभर गाजलेलं एक भांडण आहे, बरं का! मोठमोठे पुढारी, न्यायाधीश, अर्थशास्त्रज्ञ त्यात पडले आहेत. आज आपण तेच भांडण समजून घेऊ. कारण त्यात तुमचाही पैसा आहे.

''आमचा? आम्ही कुठं कर भरतो?'' असं म्हणालात ना? भरता, भरता! दुकानातून बिस्किटाचा पुडा आणलात की त्याच्या किमतीत वस्तू आणि सेवा कर असतो. तो फुटबॉलवर असतो, बुटांवरही असतो. दुकानदार तुमचं वय विचारून तो कमी करत नाही. शिवाय घराचा मालमत्ता कर असतो. लकडगंज हा नागपूर महानगरपालिकेचा आठव्या क्रमांकाचा झोन. त्या झोनच्या कार्यालयात जाऊन आई किंवा बाबा जो कर भरतात, त्याची पावती एकदा मागून वाचा. सामान्य कर, शिक्षण कर, वृक्ष कर असे रकाने दिसतील. याच पैशातून रस्त्यावरचे दिवे, कचऱ्याची गाडी, मनपाच्या शाळा चालतात.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, पाचवीचंच आहे. समजा स्टेडियमला १०० कोटी रुपये लागले. (हा आकडा मी नुसता धरलाय. खरं स्टेडियम याहून बरंच महाग पडू शकतं.) २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या होती सुमारे २४ लाख. भागा बरं! माणशी ४१६ रुपये आणि वर काही पैसे. पाच जणांच्या घराला दोन हजारांवर. यात पाळण्यातलं बाळही आलं आणि ज्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही ती आजीही आली. शिवाय स्टेडियम हे हत्ती पाळण्यासारखं असतं. घेताना एकदा खर्च आणि नंतर रोजचा चारा. गवताला पाणी, दिव्यांचं बिल, रंग, पहारेकरी, फुटलेल्या खुर्च्या. हा चारा दरवर्षी कुणी घालायचा, ते घेतानाच ठरवावं लागतं. तिथंच बहुतेक ठिकाणी घोळ होतो.

चला, आधी पुण्याला जाऊ.

पुण्याजवळ बालेवाडीला श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी राज्य सरकारनं ते उभं केलं, म्हणजे जनतेच्या पैशातून. २००८ साली तिथं राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धाही झाल्या. मग २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग ही व्यावसायिक फुटबॉल स्पर्धा सुरू झाली आणि 'एफसी पुणे सिटी' नावाचा संघ इथं खेळू लागला. संघ खासगी मालकांचा, मैदान सरकारचं. पहिल्या वर्षी स्पर्धेत आठ संघ होते. प्रत्येकानं बाकीच्या सातांशी एकेकदा घरी आणि एकेकदा बाहेर खेळायचं. म्हणजे घरचे सामने किती? सात! वर्षाचे दिवस ३६५ आणि सामने सात. उरलेले ३५८ दिवस स्टेडियमनं काय करायचं?

पुढं काय झालं ऐका. २०१९ मध्ये हा संघच बंद झाला. स्पर्धेतली त्याची जागा हैदराबादच्या संघानं घेतली. ज्या पोरांनी नारिंगी शर्ट घालून आरडाओरडा केला होता, त्यांचा संघ दोन हंगामांच्या मधल्या काळात नाहीसा झाला. स्टेडियम मात्र आहे तिथंच आहे. ते काही गुंडाळून हैदराबादला नेता येत नाही.

बालेवाडीचं नशीब चांगलं, कारण ते एका संघासाठी बांधलेलंच नव्हतं. तिथं धावण्याचा ट्रॅक आहे, पोहण्याचा तलाव आहे, नेमबाजी आहे, बॅडमिंटन आहे. म्हणून संघ गेला तरी संकुल ओस पडलं नाही. पण नुसत्या फुटबॉल संघाच्या भरवशावर बांधलं असतं तर?

या बालेवाडीचीच आणखी एक गोष्ट. २०२१ च्या जून महिन्यात तिथं एका बैठकीला बडी मंडळी आली आणि त्यांच्या गाड्या चक्क धावण्याच्या ट्रॅकवर नेऊन उभ्या केल्या! ज्या ट्रॅकवर खेळाडू काट्यांचे बूट घालून, एकेक सेकंद कमी करायला वर्षानुवर्षं धावतात, त्याच ट्रॅकवर. त्याचे फोटो सगळीकडे झळकले. लोक संतापले. क्रीडा आयुक्तांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. मला विचाराल तर लोकांचा राग योग्यच होता. ट्रॅक त्यांच्या पैशाचा होता ना!

आता मुंबई. वानखेडे स्टेडियम तुम्हाला माहीत नाही असं होणारच नाही. २०११ चा विश्वचषक धोनीनं षटकार मारून तिथंच जिंकला. पण हे वानखेडे कोण, ते किती जणांना माहीत आहे? शेषराव वानखेडे हे आपल्या नागपूरकडचे! राज्याच्या विधानसभेचे ते अध्यक्ष होते आणि मुंबईच्या क्रिकेट संघटनेचेही. त्या वेळी मुंबईत कसोटी सामने होत ते ब्रेबॉर्न स्टेडियमवर. ते होतं क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. तिकिटं किती कुणाला द्यायची, यावरून क्लब आणि संघटना यांच्यात नेहमी कुरबुर. शेवटी वानखेड्यांनी ठरवलं, आपलं वेगळंच स्टेडियम बांधायचं. ब्रेबॉर्नपासून जेमतेम हाकेच्या अंतरावर! साधारण वर्षभरात ते उभं राहिलं आणि १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. शेजाऱ्याशी भांडण झालं म्हणून स्टेडियम बांधण्याचं असं उदाहरण जगात फार सापडायचं नाही.

पण आपला मुद्दा वेगळा. वानखेडेची जमीन आहे राज्य सरकारची, म्हणजे तुमची-आमची. ती भाडेपट्ट्यानं दिलेली होती. ५० वर्षांचा तो करार २०१८ मध्ये संपला. २०१९ मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयानं क्रिकेट संघटनेकडे सुमारे १२० कोटी रुपयांची मागणी केली. मुंबईत समुद्राजवळच्या जागेचा भाव काय असतो, ते तुमच्या मुंबईच्या मामांना विचारा. आता ध्यानात आलं का? पैसा द्यायचा म्हणजे दर वेळी तिजोरी उघडून नोटा मोजूनच द्याव्या लागतात असं नाही. स्वस्तात जमीन दिली, तरी तो जनतेनं केलेला खर्चच. फक्त तो पावतीवर दिसत नाही.

असे न दिसणारे खर्च बरेच असतात. मोठ्या सामन्याला शेकडो पोलीस लागतात. त्याचं शुल्क आयोजकांनी द्यायचं असतं. २०२३ मध्ये राज्य सरकारनं हे शुल्क कमी केलं, आणि तेही मागं जाऊन २०११ पासून. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. २०२४ च्या सुनावणीत न्यायालयानं सरकारला खडसावलं. झोपडपट्टीतल्या माणसाकडून पाणीपट्टी घेता, मग एवढ्या श्रीमंत क्रिकेट मंडळाला ही माफी कशासाठी, अशा अर्थाचा तो सवाल होता.

आता तुम्ही म्हणाल, पुणे-मुंबईचं पुरे, आपल्या नागपूरचं बोला की!

बोलतो. सिव्हिल लाइन्समधलं विदर्भ क्रिकेट संघटनेचं जुनं मैदान तुम्ही पाहिलं असेल. १९६९ साली न्यूझीलंडविरुद्ध तिथं नागपूरची पहिली कसोटी झाली. (आपण हरलो!) तिथलीच एक वाईट आठवण आहे. २६ नोव्हेंबर १९९५ ला भारत आणि न्यूझीलंडचा एकदिवसीय सामना चालू होता. जेवणाच्या सुटीत प्रेक्षागृहातली एक भिंत कोसळली आणि सामना पाहायला आलेल्या माणसांचे जीव गेले. मोठ्यांना विचारा, त्या दिवसाचं नाव काढलं की अजून त्यांचा चेहरा उतरतो. स्टेडियमवर काटकसर कुठं करायची आणि कुठं मुळीच करायची नाही, हेही या हिशेबात धरावं लागतं.

पुढं संघटनेनं वर्धा रोडवर जामठ्याला नवं स्टेडियम बांधलं. २००८ मध्ये तिथं ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी झाली आणि सौरव गांगुलीची ती शेवटची. हे स्टेडियम संघटनेनं आपल्या पैशातून उभं केलं. टीव्हीच्या हक्कांतून क्रिकेट मंडळाला मिळणारा पैसा राज्यांच्या संघटनांना वाटला जातो, त्याचा इथं उपयोग झाला. मग मालमत्ता करातून काही गेलं नाही, हिशेब संपला? थांबा. सामन्याच्या दिवशी लकडगंजातून जामठ्याला कसं जाल? टेलिफोन एक्सचेंज स्टेशनवर मेट्रोत बसाल, सीताबर्डीला गाडी बदलाल, खापरीला उतराल आणि पुढं रस्त्यानं जाल. मेट्रो कुणाच्या पैशातून झाली? तो चौपदरी रस्ता? चौकाचौकातले पोलीस? सगळ्यांच्या. अर्थात मेट्रो काही क्रिकेटसाठी बांधलेली नाही, ती रोज कामाला जाणाऱ्यांसाठी आहे. म्हणून मी तिचा पैसा स्टेडियमच्या खात्यावर मांडणार नाही. पण हिशेब करताना अशा गोष्टी निदान समोर ठेवायच्या असतात.

जामठ्याच्या बाजूनंही बोललं पाहिजे. चांगलं मैदान, चांगलं प्रशिक्षण मिळालं आणि एके काळी दुबळा समजला जाणारा विदर्भाचा संघ २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला. त्यात गल्लीबोळांतून आलेली पोरं आहेत. याची किंमत रुपयांत कशी करणार? स्टेडियम हवं म्हणणारे लोक हेच तर सांगतात. गावाचं नाव होतं, मुलांना डोळ्यांसमोर मोठं काही दिसतं. हा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

पण कधी कधी रुपयांपेक्षाही मोठी किंमत समोर येते. २०१६ चा उन्हाळा आठवा. तुमच्यातले काही तेव्हा अगदीच लहान असतील, काही जन्मलेही नसतील. मराठवाड्यात भयानक दुष्काळ पडला होता. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. मिरजेहून रेल्वेच्या टँकरनं पाणी न्यावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोहोचली तेव्हा लोक ती बघायला जमले होते. आगगाडीतून पाणी येतंय, कल्पना करा! आणि त्याच दिवसांत महाराष्ट्रात आयपीएलचे सामने होते. खेळपट्टीवर, मैदानावर पाणी मारायलाच हवं. लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेनं मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. मंडळ म्हणालं, आम्ही सांडपाणी शुद्ध करून वापरू. पण न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. अंतिम सामना मुंबईतून बंगळुरूला गेला. आपल्या जामठ्याचे सामनेही गेले.

त्या वेळी घराघरांत वाद झाले. एक बाजू म्हणाली, ''तहानलेल्या माणसासमोर गवताला पाणी पाजायचं? शोभतं का?'' दुसरी म्हणाली, ''सामने हलवल्यानं लातूरच्या घागरीत एक थेंब तरी जास्त पडला का? उलट इथल्या हॉटेलवाल्यांचं, ऑटोवाल्यांचं नुकसान झालं.'' दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. मला अजूनही त्या वादात एका बाजूला ठामपणे उभं राहता येत नाही. तुम्ही बघा तुम्हाला जमतं का.

ऑटोवाल्यांवरून आठवलं. स्टेडियम बांधा म्हणणाऱ्यांचा सगळ्यात आवडता मुद्दा हाच असतो. स्टेडियम आलं की धंदा वाढेल, चहावाला, पोहेवाला, लॉजवाला सगळे कमावतील, त्यातून कर मिळेल आणि खर्च केलेला पैसा परत येईल. ऐकायला किती छान वाटतं! अमेरिकेतल्या रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या मुद्द्याची कसून तपासणी केली. १९९७ साली त्यांनी 'स्पोर्ट्स, जॉब्स अँड टॅक्सेस' हे पुस्तक काढलं. त्यात निरनिराळ्या शहरांच्या स्टेडियमचा अभ्यास होता. निष्कर्ष काय? जनतेच्या पैशातून बांधलेल्या स्टेडियममुळे गावाचा तेवढा फायदा झाल्याचं कुठंच दिसेना.

असं का व्हावं? आपल्याच घरातलं उदाहरण घेऊ. समजा तुमच्या घरी रविवारच्या मौजेसाठी एक हजार रुपये ठेवलेत. एरवी तुम्ही फुटाळ्याला जाता, भेळ खाता, येताना सावजी खाऊन घरी येता. आता स्टेडियम आलं. या रविवारी तुम्ही तिकिटं काढून मॅचला गेलात, तिथंच समोसे खाल्लेत. स्टेडियमवाल्याचा धंदा झाला हे खरं, पण फुटाळ्याच्या भेळवाल्याचा बुडाला. बाबांच्या खिशात काही नवे हजार रुपये उगवले नाहीत. पैसा गावात वाढला नाही, त्यानं नुसती जागा बदलली. हां, बाहेरगावाहून लोक आले तर गोष्ट वेगळी. भंडारा, वर्धा, छिंदवाड्याहून माणसं आली, रात्री राहिली, तर तो नवा पैसा. पण सातआठ सामन्यांना असे किती येणार?

अमेरिकेत तर या प्रश्नावर चक्क मतदान होतं! सेंट लुइस नावाचं शहर आहे. फुटबॉलचं मोठं वेड. (ते त्याला सॉकर म्हणतात. त्यांचा फुटबॉल हातात धरून पळण्याचा असतो, आता काय बोलणार!) २०१७ च्या एप्रिलमध्ये तिथं लोकांना विचारलं, व्यावसायिक संघाच्या स्टेडियमसाठी व्यापाऱ्यांवरच्या करातून सुमारे सहा कोटी डॉलर द्यायचे का? शंभरातल्या ५३ जणांनी 'नाही' म्हटलं. सगळ्यांना वाटलं, गेला संघ. पण गंमत पाहा. पुढं दुसरे मालक पुढं आले आणि त्यांनी बहुतेक सगळा खर्च स्वतः करायचं ठरवलं. काही करसवलती त्यांनाही मिळाल्याच, पण मोठा भार त्यांचा. २०२३ मध्ये संघ मैदानात उतरला आणि पहिल्याच वर्षी आपल्या विभागात पहिला आला! म्हणजे ''तुम्ही पैसे दिले नाहीत तर संघ येणारच नाही'' ही धमकी दर वेळी खरी असतेच असं नाही.

आणि ब्राझील? फुटबॉलचा देश तो. २०१४ च्या विश्वचषकाच्या आदल्या वर्षी तिथं साओ पाउलोमध्ये बसचं भाडं २० सेंटावोंनी वाढलं. सेंटावो म्हणजे त्यांचे पैसे. एवढ्याशा कारणावरून लोक रस्त्यावर आले आणि बघता बघता साऱ्या देशात मोर्चे निघाले. त्यांच्या फलकांवर मागणी होती की स्टेडियम जशी जागतिक दर्जाची बांधता, तशीच इस्पितळं आणि शाळा बांधा. ॲमेझॉनच्या जंगलातल्या मनाउस शहरात चाळीस हजारांवर प्रेक्षकांचं स्टेडियम बांधलं होतं. विश्वचषकाचे तिथं सामने झाले फक्त चार. त्या गावात एवढी गर्दी खेचणारा मोठा संघच नव्हता! राजधानी ब्राझिलियाच्या स्टेडियमच्या आवारात तर पुढं शहराच्या बसगाड्या उभ्या करू लागले. पेलेच्या देशातली माणसं फुटबॉलवर रागावली नव्हती, बरं का. हिशेबावर रागावली होती.

आता परत नागपूरला येऊ, कारण या प्रश्नाची एक वेगळीच बाजू जगाला नागपूरनंच दाखवली. २००१ सालची गोष्ट. हिस्लॉप कॉलेजमधले क्रीडाशिक्षक विजय बारसे पावसात एका ठिकाणी थांबले होते. समोर झोपडपट्टीतली पोरं चिखलात खेळत होती. बॉल नव्हता. एक फुटकी बादली होती, तिलाच लाथा मारत होती! बारसे सरांनी त्यांना बॉल दिला, स्पर्धा भरवल्या. त्यातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. तिची पोरं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोहोचली. २०१६ मध्ये फिफानं या संस्थेला पुरस्कार दिला. नागराज मंजुळ्यांचा 'झुंड' हा २०२२ चा सिनेमा यावरच आधारलेला आहे. अमिताभ बच्चन झालेत बारसे सर. बघितला नसेल तर बघा, आपलं नागपूर दिसतं त्यात.

या सगळ्याला स्टेडियम किती लागलं? एकही नाही. लागला बॉल, मोकळी जागा आणि रोज संध्याकाळी येणारा एक माणूस. म्हणून माझं मत विचाराल तर असं. तीस हजार खुर्च्यांच्या एका स्टेडियमचा पैसा माझ्या हातात दिला, तर मी आधी प्रत्येक झोनमध्ये दोन-तीन सपाट मैदानं करीन. कुंपण, पाण्याचा नळ, दिवे, मुलींना कपडे बदलायला खोली आणि शिकवायला माणूस. नागपूर-कामठीच्या मातीत फुटबॉल आहेच. आधी खेळणारे वाढवू, मग बघणाऱ्यांच्या खुर्च्या. पण माझा एक मित्र याच्या अगदी उलट बोलतो. तो म्हणतो, ''अरे, मोठं स्टेडियम पाहिल्याशिवाय पोरांना मोठं स्वप्न कसं पडेल? मैदानांसाठी पैसे मागायला गेलास तर तुला कुणी दारात उभं करत नाही. स्टेडियम म्हटलं की सगळे धावत येतात!'' दुर्दैवानं त्याचं दुसरं वाक्य खोटं नाही.

आईबाबांनो, हे वाचत असाल तर दोन शब्द तुमच्यासाठी. आपल्याकडे सेंट लुइससारखं मतदान होत नाही. पण दरवाजे आहेत. गावाच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचं आरक्षण बदलायचं असेल, तर १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे सूचना काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. त्याला महिन्याची मुदत असते. त्या सूचना वर्तमानपत्रात बारीक टायपात येतात आणि आपण पान उलटून पुढं जातो. नंतर जेसीबी आला की मग हळहळतो. आणि २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये भरून साधा अर्ज करायचा. स्टेडियम कुणाला, किती भाड्यानं, किती दिवस दिलं, ते विचारायचं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज पोरांना सोबत बसवून लिहा. नागरिकशास्त्राच्या धड्याहून त्यांच्या जास्त लक्षात राहील.

आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी एक काम. वर्गात दोन गट करा. एक गट म्हणेल 'जनतेच्या पैशातून स्टेडियम हवं', दुसरा म्हणेल 'नको'. अर्धा तास भांडा. मग गट बदला! जो आत्तापर्यंत 'हवं' म्हणत होता त्यानं आता 'नको'ची बाजू मांडायची. मी हा खेळ एकदा मुलांबरोबर खेळलो तेव्हा मोठी मुलं कोटी आणि अब्ज करत बसली होती. मागच्या बाकावरच्या एका चौथीतल्या पोरीनं हात वर केला आणि विचारलं, ''मॅच नसेल त्या दिवशी आम्हाले आत जाऊ देईन का?'' सगळा वर्ग गप्प.

तर या रविवारी वही-पेन घेऊन आपल्या वस्तीतल्या मैदानावर जा. किती मुलं खेळतात, त्यात मुली किती, वर्षात किती दिवस तिथं मांडव पडतो, फाटकाला कुलूप असेल तर त्याची किल्ली कुणाकडे असते, हे विचारून घ्या आणि आम्हाला लिहून पाठवा. अक्षर चांगलं काढा. आणि हो, मैदान नसेलच तर तसंही लिहा.